चार पोती आणि एक सुई: कोल्हापूरच्या बालगृहात पाच दिवस

आमच्या चर्चच्या मंडळीतून दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी सेवेसाठी एक तुकडी कुठंतरी जाते. यंदा कोल्हापूरचं एक जुनं मिशनचं बालगृह ठरलं. आम्ही नऊ जण होतो: पाळकसाहेब, महिला मंडळातल्या दोन मावश्या, कॉलेजातली पाच पोरं-पोरी आणि मी. मी बँकेत काउंटरला बसते. नोटा मोजण्यापलीकडं माझ्या हाताला फारसं काही येत नाही, हे आधीच सांगून टाकते. संस्थेचं आणि मुलांचं नाव इथं लिहिणार नाही, त्याचं कारण पुढं येईल. तुकडीतल्यांचीही नावं लिहीत नाही, कारण त्यातल्या एकानं "कुस्तीचं तेवढं घालू नका" म्हणून हात जोडलेत. कुस्तीचं घालणार आहेच, नाव तेवढं गाळते.

गुरुवार

पहाटे सहाला पुणं सोडलं. साताऱ्याच्या पुढं हायवेच्या रुंदीकरणाचं काम, त्यामुळं पाच तासांच्या वाटेला साडेआठ तास लागले. टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर जुन्या कपड्यांची चार पोती होती. मंडळीत महिनाभर घोषणा करून गोळा केलेली. प्रत्येक ब्रेकला त्यातलं एक मावशींच्या डोक्यावर यायचं आणि मावशी "सेवा आहे, सेवा आहे" म्हणत ते परत मागं ढकलायच्या.

पोचलो तेव्हा पाऊस लागलेला. पुण्यात पाऊस येतो आणि जातो. कोल्हापुरात तो मुक्कामाला येतो, हे आम्हाला पुढच्या चार दिवसांत कळलं.

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. त्या अधीक्षिका, पण सगळं बालगृह त्यांना मोठ्या बाईच म्हणतं. चहाच्या आधी त्यांनी आमची आधार कार्डं आणि पोलिस पडताळणीचे कागद पुन्हा एकदा फायलीतल्या प्रतींशी ताडून बघितले. आमच्यातल्या एकाला ते लागलं. मला बरं वाटलं. बँकेत केवायसीवरून लोक माझ्यावर खेकसतात, त्याची भरपाई झाली.

मग व्हरांड्यात पोती उघडली. पहिल्या पोत्यातून सोनेरी जरीची शेरवानी निघाली. मग एक खांदा नसलेला पार्टी गाऊन. मग टाय, एकामागून एक सतरा टाय. कॉलर विटलेले ऑफिसचे शर्ट, चेन तुटलेल्या जीन्स, कुणाच्या तरी लग्नातले नेसून टाकलेले शालू. स्वयंपाकघरातून आक्का पदराला हात पुसत आल्या, ढिगाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "लगीन लावालायसा व्हय कुणाचं?"

चार पोत्यांतून कामाचं निघालं ते एक पोतंसुद्धा भरलं नाही. उरलेलं ठेवून घ्यायला मोठ्या बाईंनी सरळ नकार दिला. "ठेवायला मला जागा नाही आणि टाकायला वेळ नाही. परत न्या." त्यात राग नव्हता. रोज कुणीतरी असं काहीतरी आणत असणार आणि रोज त्या हेच सांगत असणार. आक्का हळूच म्हणाल्या, "जुनं लई येतंय ओ ताई. चड्डी-बनियन कोण देत न्हाई."

तुम्ही अशा ठिकाणी जाणार असाल तर आधी फोन करून विचारा आणि सांगतील तेवढंच न्या. आम्हाला नंतर मिळालेली यादी अशी: नवीन अंतर्वस्त्रं (मापं विचारून), सॅनिटरी पॅड, दोनशे पानी वह्या, काळे शाळेचे बूट, उवांचं औषध, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणि चिमटे. केक नको. महिन्याला कुणाचा ना कुणाचा वाढदिवस म्हणून केक येतच असतात आणि वाढदिवस ज्याचा तो आपल्या घरी परत जातो, असं बाई म्हणाल्या.

रात्री जेवायला ज्वारीची भाकरी, आमटी आणि खर्डा. खर्डा म्हणजे हिरव्या मिरचीचा ठेचाच, पण कोल्हापुरात त्याला ठेचा म्हटलं की माणसं दयेनं बघतात. आमच्या गिटारवाल्यानं तो कोथिंबिरीच्या चटणीसारखा चमचाभर घेतला. पुढची दहा मिनिटं त्याच्यासाठी मंडळीनं मनातल्या मनात प्रार्थना केली.

याच गिटारवाल्यानं जेवताना मुलांबरोबर सेल्फीही काढला होता. मोठ्या बाईंनी त्याला शेजारी बसवून तो पुसायला लावला, मग फोनमधल्या कचराकुंडीतूनही पुसायला लावला. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली अशा मुलांची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "आणि कायदा नसता तरी," बाई म्हणाल्या, "उद्या ही पोरगी कलेक्टर झाली आणि तिचा हा फोटो 'अनाथ मुलांसोबत एक दिवस' म्हणून कुठं निघाला तर?" तसं तिथं अनाथ फार थोडी आहेत. बहुतेकांना आई किंवा बाप, निदान आजी आहे. आई दुसरीकडं धुणीभांडी करते, बाप दारूत किंवा आजारात गेलेला, कुणाचे आईबाप हंगामभर ऊसतोडीच्या फडावर. बाल कल्याण समितीच्या आदेशानं मुलं इथं येतात, आणि ती सगळ्या धर्मांची असतात. म्हणून आमची बायबलमधल्या वचनांची छापील कार्डं बाईंच्या सांगण्यावरून गाडीतच राहिली.

शुक्रवार

शाळा सोमवारी उघडणार होती. त्याआधी बत्तीस मुलांचे गणवेश, वह्या, दप्तरं तयार करायची. बाकीची दहा-बारा मुलं सुट्टीत नातेवाइकांकडं गेलेली, ती रविवारी परतणार. आम्ही पुण्यातून छापील कार्यक्रम करून आणला होता: "खेळ व गाणी, दहा ते बारा. व्यक्तिमत्त्व विकास, दोन ते चार." बाईंनी तो वाचला, घडी घातली, चष्म्याच्या डबीत ठेवला आणि आमच्यापुढं शर्टांचा ढीग ठेवला.

इथं प्रत्येक वस्तूला नंबर असतो. ताट, टॉवेल, चप्पल, शर्टाची कॉलर. बेचाळीस मुलांचे कपडे एकत्र धुतले जातात, मग नंबर नसेल तर रोज भांडणं. कपड्यावर शाई दोन-तीन धुण्यांत जाते म्हणून कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं नंबर भरायचा. आधी मला ते कसंसंच झालं, तुरुंगासारखं वाटलं. पण सात-आठ वर्षांचा एक मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्यानं स्वतःची ओळख करून दिली ती अशी: "मी सतरा. आधी सतरा नंबर एक दादा होता, तो आता आयटीआयला हाय. मोटर वाइंडिंग करतोय." घराण्याची गादी चालवल्यासारखा चेहरा. त्याच्या कॉलरवरचा सातचा आकडा माझ्याकडून एकसारखा वाकडा येत होता. त्यानं दोनदा उसवायला लावला.

बटणं लावताना माझी खरी परीक्षा झाली. मी टाके घालायची आणि बटण कापडाला असं चिकटून बसायचं की काजात जायचंच नाही. एक बारा-तेरा वर्षांची मुलगी बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"काय ओ काकू, तुमास्नी बटण बी लावाय येत न्हाई? द्या हिकडं, मी दाखवतो."

कोल्हापूरच्या मुली स्वतःबद्दल "मी येतो, मी करतो" असं बोलतात हे ऐकून माहीत होतं, पण असं समोरासमोर ऐकलं की एकदम गोड वाटतं. तिनं बटणाखाली काडेपेटीतली एक काडी आडवी ठेवली, तिच्यावरून टाके घातले, काडी ओढून काढली, आणि मग बटण आणि कापडाच्या मधल्या ढिल्या दोऱ्याला तीन वेढे देऊन गाठ मारली. बटणाला मान आली. "आता बसतंय बघा काजात. मी आक्काकडनं शिकलो."

ती काडी बघून मी थोडा वेळ गप्पच झाले. माझी आजी असंच बटण लावायची, काडेपेटी मांडीवर घेऊन. आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली होती. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मुली आणून जिथं वसवल्या, तेच केडगाव. आजीचं बालपण रमाबाईंच्या नंतरचं, पण वळण तेच होतं म्हणायची. आमच्या घरातल्या तिच्या पितळी तांब्याच्या बुडाला एक आकडा कोरलेला आहे. तो कसला, हे मी तिला कधी विचारलं नाही. भांडेवाल्यानं कोरला असेल असं धरून चालले होते.

दिवसभरात मी एकवीस शर्टांची बटणं लावली. त्या मुलीनं त्याच वेळात किती लावली ते मोजायचं मी टाळलं.

खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मातीचे बैल ठेवलेले होते, शिंगांना रंग, गळ्यात लोकरीच्या माळा. नुकताच कर्नाटकी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, झाला होता. आमच्या एका मावशींनी भुवया उंचावल्या, मिशनच्या घरात बैलांची पूजा? आक्कांनी त्यांना ऐकवलं, "पूजा कुटली? मातीत खेळत्यात पोरं. आनि बैलानंबी ख्रिस्ताला गोठ्यात जागा दिलीच की." मावशींनी भुवया खाली घेतल्या. पाळकसाहेब तोंड फिरवून हसत होते. येत्या नाताळच्या उपदेशात हे वाक्य येणार, मी लिहून देते.

शनिवार

पाऊस रात्रभर. सकाळी धुतलेले कपडे पिळून आत आणायचे आणि व्हरांड्यात, जिन्यात, जेवणघरात दोऱ्यांवर टाकायचे, हेच काम. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या घरातलं सगळ्यांत मोठं संकट म्हणजे न वाळणारे कपडे. आमच्यातल्या पोरांनी जिन्याच्या वरच्या मोकळ्या जागेत पत्र्याखाली खिळे ठोकून सहा दोऱ्या ताणल्या. पाच दिवसांत आम्ही तिथं केलेली सगळ्यांत टिकाऊ गोष्ट बहुतेक हीच.

जिन्याच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीला, निळ्या रंगाची एक आडवी रेघ आहे. शेजारी लिहिलंय: ऑगस्ट 2019. महापुराचं पाणी इथवर आलं होतं. 2021 ला पुन्हा पूर आला. तेव्हापासून मुलांच्या फायली वरच्या मजल्यावर असतात. इथली पोरं पंचगंगेची पातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी सांगतात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. "त्रेचाळीस झालं की आपुन चाललो शाळेत राहायला," सतरा नंबर मला म्हणाला. त्याच्या आवाजात भीती कमी आणि सहलीची आशा जास्त होती.

दुपारी पाऊस थांबला तेव्हा अंगणातल्या चिखलात कुस्ती लागली. आमच्यातला एक गडी रोज जिमला जातो, दंडावरची बेटकुळी दाखवायला बाह्या दुमडलेल्याच असतात. त्याच्यासमोर तेरा वर्षांचा, त्याच्या छातीपर्यंत येणारा मुलगा. हा मुलगा सकाळी गावातल्या एका तालमीत जातो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सलामी झाली, मुलगा खाली घुसला, हात खांद्यावरून ओढला आणि आमचा गडी हवेत. धोबीपछाड. मुलानं त्याला हात देऊन उठवलं आणि गंभीरपणे सांगितलं, "ताकद हाय तुमच्यात, पन पाय हलत न्हाईत." आमचा गडी पुढचे दोन दिवस जिना चढताना कठड्याला धरत होता.

संध्याकाळी आम्ही मोठे तेवढे गावात गेलो. दसरा चौकातून जाताना रिक्षावाल्या काकांनी वेग कमी केला आणि न विचारता सुरू केलं: हे मुस्लिम बोर्डिंग, हे जैन बोर्डिंग, सगळी महाराजांच्या काळातली. कोल्हापुरात "महाराज" म्हटलं की शाहू महाराज. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, 1906 ला मुस्लिम बोर्डिंग, 1908 ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातलं पोर शिकायचं तर त्याला शहरात राहायला, जेवायला जागा हवी, इतका साधा हिशेब. आम्ही बालगृहात आलोय म्हटल्यावर काका म्हणाले, "मग हितलंच काम करालायसा की." आणि मीटरवरचे सुट्टे घेतले नाहीत.

गंगावेशीत दूधकट्टा आहे. म्हैस तुमच्यासमोर उभी, धार तुमच्यासमोर, फेसाळ पेला हातात. मला कच्चं दूध सोसत नाही, मी नुसतं बघितलं. पहिल्यांदा पिणाऱ्यांनी अर्ध्या पेल्यावरच थांबावं. आमच्यापैकी दोघांनी थांबायला हवं होतं.

परतल्यावर माझ्या हातून चूक झाली. ती बटणवाली मुलगी माझ्याशेजारी बसून वह्यांना कव्हर घालत होती. तिनं विचारलं, पुण्यात शनिवारवाडा आहे ना. मी म्हटलं, "दिवाळीच्या सुट्टीत ये की माझ्याकडं, दाखवते." सहज, आपण भाचीला म्हणतो तसं. ती काही बोलली नाही. फक्त पुढच्या वहीचं कव्हर फार हळू घातलं.

मोठ्या बाईंनी रात्री मला ऑफिसात बोलावलं. "दिवाळीला तिला खरंच नेणार आहात? समितीची परवानगी, तुमच्या घरची चौकशी, सगळं करणार?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. "मग उद्या तिला तसं सांगा. तुम्हीच. मी नाही." टेबलावर एक जुना डबा होता, त्यात ग्रीटिंग कार्डं, मोबाइल नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या. "ताई परत येणार आहेत" म्हणून मुलांनी जपून ठेवलेल्या आणि मोठी झाल्यावर बाईंकडं परत दिलेल्या. पांघरूण घेऊन पडले, पण त्या रात्री झोप अशी लागली नाही.

रविवार

सकाळी वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये उपासनेला गेलो. ज्या मुलांना यायचं होतं ती आली, बाकीची कॅरम घेऊन बसली. ढोलकी, टाळ आणि रेव्हरंड टिळकांचं भजन. डोळे मिटले तर देवळात आहोत की चर्चमध्ये हे सांगता येऊ नये, ही आपल्या मराठी मंडळीची खासियत मला फार आवडते. आमचा गिटारवाला गिटार खोलीवरच ठेवून आला होता. शहाणा झाला होता.

रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच, कोल्हापुरात, 1863 साली जन्मला. पुढं 1886 मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी मेळाव्यात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेला जायची शपथ घेतली, त्यामागं हाच रॉबर्ट होता. त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली आणि हजारो तरुण जगभर गेले. मिशन ट्रिपला जायची टूम जगाला लावणाऱ्यांपैकी एक जण मूळचा कोल्हापूरकर, ही माहिती पाळकसाहेबांनी गाडीत दिली. फरक इतकाच की त्यातले बरेच जण आयुष्यभरासाठी जात. आम्ही सोमवारी निघणार होतो.

चर्चमधून आल्यावर मी त्या मुलीला सांगितलं. शब्द जुळवून ठेवले होते, सगळे विसरले. "दिवाळीचं मी उगीच बोलले. मला जमणार नाही." ती सुईत दोरा ओवत होती. "म्हायती हाय की," म्हणाली. मग जरा थांबून, "पन सांगितलासा ते बरं केलासा."

दुपारी मटण होतं. महिन्यातून एकदा, देणगीदार असेल तर. तांबडा आक्कांचा, पांढरा मात्र मोठ्या बाई स्वतः करतात. नारळाचं दूध फुटू नये म्हणून कढईसमोरून हलत नाहीत. तांबड्याला रंग येतो तो मे महिन्यात डंकावर कुटून आणलेल्या वर्षाच्या चटणीचा. इथं चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेला लाल मसाला. आक्कांनी बरणी दाखवली ती एखाद्या सोनारानं दाखवावी तशी.

तीननंतर सुट्टीला गेलेली मुलं परतायला लागली. एक आजी एसटीनं आजऱ्याकडून आली, हाताला नातू, डोक्यावर बोचकं. बोचक्यात फणसाचे गरे, गूळ आणि मुलाचे धुऊन घडी घातलेले कपडे. रजिस्टरवर अंगठा झाला, चहा झाला, तरी आजी उठेना. नातू दोन खांब सोडून भिंतीकडं तोंड करून उभा. आजीनं गुळाची ढेप मोठ्या बाईंना दिली, मग आक्कांना थोडा गूळ दिला, मग मलाही खडा दिला, मी कोण हे न विचारता. शेवटी उठली आणि मुलाकडं न बघता फाटकाबाहेर गेली. मुलगा तसाच उभा. सतरा नंबर कॅरम सोडून त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "चल, दोरी लावल्यात वर जिन्यात. बघायचंय?"

सोमवार

आम्ही सहाला निघायचं ठरवलं होतं, हायवेचा अनुभव घेऊन. मोठ्या बाई म्हणाल्या, नाही, साडेदहानंतर निघायचं. मुलं शाळेला गेल्यावर. इथं नियमच आहे तो. पाहुणे निघून जाताना मुलांनी फाटकात उभं राहायचं नाही. मुलं आधी जाणार, पाहुण्यांनी मागं राहायचं.

दहाला रांग लागली. पावसाची भुरभुर, बेचाळीस छत्र्या नव्हत्या, तीसेक होत्या, मग एका छत्रीत दोघं-दोघं. कडक कॉलर, कॉलरच्या आत लाल आकडे. आमचा जिमवाला ज्याच्याकडून पडला त्यानं जाताना त्याला सलामी दिली. सतरा नंबरच्या शर्टाचं वरून दुसरं बटण उघडं होतं. मी लावलेल्यांपैकी, मान नसलेलं, पहिल्या दिवसाचं. मी हाक मारणार तोवर बटणवाली मुलगी वाकली, जोर लावून ते काजात बसवलं आणि पुढं झाली. फाटकाशी तिनं एकदा मागं बघितलं.

"येतो काकू."